पानाचा ब्लॉक : आधी शिरा, मग पान

सुईदोरा

दोन-अडीच महिने मी क्विल्टच्या (कापडाचे तुकडे जोडून केलेल्या गोधडीच्या) एकाच ब्लॉकच्या, म्हणजे एका चौकोनाच्या, मागे आहे. पानाचा ब्लॉक. काल तो मनासारखा जमला, म्हणून हा धागा. करून बघा, अडलं तर इथेच विचारा. तुमच्याकडे याहून बरी पद्धत असेल तर ती मला हवीच आहे.

क्विल्टमधलं पान म्हटलं की बहुतेकांना मेपलचं पान आठवतं. नऊ चौकोन : चार अर्धे-अर्धे दोन रंगांचे, तीन सबंध पानाच्या रंगाचे, एक पार्श्वभूमीचा आणि एकात तिरपा देठ. तो मी भरपूर शिवलाय आणि मला तो आवडतोही. पण त्यात सगळं लक्ष बाहेरच्या आकारावर असतं. खरं पान उजेडासमोर धरलं की आकाराआधी शीर दिसते. मधली जाड शीर आणि तिच्यापासून टोकाच्या दिशेने फुटलेल्या बारीक शिरा. मला ते शिवायचं होतं. म्हणून मी उलटीकडून सुरुवात केली : आधी शिरा शिवायच्या आणि मग त्या कापडातून पान कापायचं.

खालची मापं दोन पानांची आहेत. एक पान सुटं होत नाही, का ते पुढे येईलच. तयार ब्लॉक १२ इंची, म्हणजे माया (शिवणीत आत जाणारी कड) धरून साडेबारा. सगळीकडे माया पाव इंच.

पानाच्या रंगाच्या १० पट्ट्या, ३ इंच रुंद आणि १४ इंच लांब. बारीक शिरांसाठी ८ पट्ट्या, पाऊण इंच रुंद, १४ लांब. मधल्या शिरेसाठी २ पट्ट्या, १ इंच रुंद, २० लांब. पार्श्वभूमीच्या ४ पट्ट्या, २ इंच रुंद, १४ लांब, आणि ८ बाय १६ इंचाचे दोन आयत.

पाच रुंद पट्ट्यांमध्ये चार बारीक पट्ट्या जोडल्या की १४ इंची चौकोन होतो. असे दोन करायचे. टाका लहान ठेवा, २ मिलिमीटरच्या आसपास, कारण हे कापड पुढे तिरपं कापायचं आहे आणि मोठा टाका टोकाशी उसवतो. इस्त्री करून, स्टार्च मारून दोन्ही चौकोन १३ इंची करून घ्या.

आता ज्याने माझे तीन आठवडे खाल्ले ते. पहिल्या खेपेला मी एकच चौकोन कर्णावर कापला आणि त्याचेच दोन अर्धे मधल्या शिरेला जोडले. एका बाजूच्या शिरा टोकाकडे चालल्या होत्या, दुसऱ्या बाजूच्या देठाकडे. मी उसवलं, अर्धा फिरवला, पुन्हा जोडला. तेच. मग कागदावर रेघा मारून बघितलं तेव्हा कळलं की एकाच चौकोनाचे दोन्ही त्रिकोण एकाच हाताचे असतात, दोन्ही पायांत उजवाच बूट असावा तसे. कितीही फिरवा, डावा होत नाही.

उपाय अगदी सोपा निघाला. दोन्ही चौकोन सुलट बाजूला सुलट लावून एकावर एक ठेवायचे, पट्ट्या दोन्हीत एकाच दिशेला, आणि दोन्ही थर एकदमच कर्णावर कापायचे. वरच्या थरातले दोन त्रिकोण उजवे, खालचे दोन डावे. एक उजवा आणि एक डावा मिळून एक पान. म्हणूनच पानं जोडीने होतात.

त्रिकोण समोर ठेवा. तिरपी बाजू ही मधल्या शिरेची. सरळ बाजूंपैकी जिला पट्ट्या समांतर आहेत ती देठाकडची. त्या बाजूपासून सव्वा इंच कापून टाका आणि तिथे पार्श्वभूमीची २ इंची पट्टी जोडा. मग पानाचं टोक घडवायचं : तिरप्या बाजूवर टोकाच्या कोपऱ्यापासून १ इंच आत एक खूण, देठाकडच्या बाजूच्या मधोमध दुसरी खूण, दोन्ही रेघेने जोडा. रेघेच्या पाव इंच बाहेरून कापा. तिथे पार्श्वभूमीचा लांब त्रिकोण बसतो. हे त्रिकोणही ८ बाय १६ चे दोन आयत सुलटाला सुलट ठेवून कर्णावर कापले की चार मिळतात, दोन डावे आणि दोन उजवे. जोडताना त्याची निमुळती बाजू पानाच्या टोकाच्या ३ इंच पुढे सोडा, नाहीतर उलगडल्यावर कोपरा उघडा राहतो. माझा राहिला होता.

मग सगळं पुन्हा १३ इंची अर्ध्या चौकोनाच्या मापात कापायचं. मी कागदाचा त्रिकोण करून ठेवलाय, तो वर ठेवते आणि कापते. शेवटी दोन अर्ध्यांच्या मध्ये १ इंची पट्टी.

इथे एक फार सुंदर गोष्ट होते. १ इंची पट्टी शिवल्यावर अर्धा इंच दिसते. दोन्ही त्रिकोणांची पाव-पाव इंच माया आत गेलेली असते, तीही मिळून अर्धा इंचच. जेवढं गेलं तेवढंच आलं. चौकोन कापण्याआधी जेवढा होता तेवढाच राहतो आणि कडांच्या रेघा एका सरळीत येतात. हे मी हिशोब करून ठरवलं नव्हतं. शिवून झाल्यावर पट्टी लावून मोजलं आणि बराच वेळ तशीच बघत बसले.

मोजपट्टीवरची ४५ अंशांची रेघ मधल्या शिरेवर ठेवून चारही बाजू साडेबाराला आणायच्या. झालं पान.

पाऊणइंच

वा, सुईदोराताई! उजव्या-डाव्या बुटाचं उदाहरण लक्षात राहील.

बारीक शिरांबद्दल एक सांगते, कारण हे काम मी पुष्कळ केलंय. पाऊण इंची पट्टी शिवल्यावर पाव इंच दिसते, म्हणजे जेमतेम दोन सूत. एवढ्या बारीक रेघेत अर्ध्या सुताची चूकही डोळ्याला लगेच दिसते. एके ठिकाणी जाड, पुढे बारीक, मग पुन्हा जाड. कापडाच्या कडेवर नजर ठेवून शिवलं की असं होतंच, कारण आपण कापतानाही थोडे चुकलेले असतो आणि शिवताना त्यात भर पडते.

म्हणून दुसरी टीप मारताना कडेकडे बघूच नका. पट्टी एका बाजूने जोडून झाली की माया पट्टीकडे वळवून इस्त्री करा. दुसरा तुकडा खाली ठेवून पट्टी वर घ्या. आता पहिली टीप तुम्हाला वरून दिसते. मशीनच्या पाव इंची फूटची (कापड दाबून धरणाऱ्या पायाची) कड त्या टिपेला चिकटून चालवा. सुई आपोआप तिच्यापासून पाव इंचावर पडते. खालची कड थोडी वेडीवाकडी असली तरी बिघडत नाही, शीर सारख्या जाडीची येते. या एका युक्तीने माझं काम बदललं.

घडीमोड

मी आजच एक जोडी केली. दोन्ही ब्लॉक साडेबाराऐवजी सव्वाबाराच्या आसपास आले. कापताना नीट मोजलं होतं. कुठे चुकलं असेल?

पाऊणइंच

घडीमोड, पट्ट्यांचा चौकोन शिवून झाला तेव्हा १४ भरला होता का? नसेल तर तुमची माया पाव इंचापेक्षा जास्त जाते आहे. त्या चौकोनात आठ शिवणी आहेत. एकेका शिवणीत थोडंसं जास्त गेलं तरी आठपट होतं.

दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडा, इस्त्री करा आणि मोजा. बरोबर साडेतीन इंच भरायला हव्यात आणि मधली पट्टी १ इंच. कमी भरल्या तर सुई एक घर उजवीकडे सरकवा आणि पुन्हा करा. बऱ्याच जणींना माया पाव इंचापेक्षा धाग्याभर कमी घ्यावी लागते, कारण कापड वळताना घडीतही थोडं जातं.

घडीमोड

पावणेचौदाच्याही खाली आहे! तरी मी तसाच ओढून १३ कापला आणि पुढे टोकाशी कमी पडलं. उद्या तीन पट्ट्यांची चाचणी करते. आणि ताई, टोकाकडे १ इंच आत का? सरळ कोपऱ्यातूनच रेघ काढली तर पान मोठं दिसेल ना?

सुईदोरा

दिसेल, पण टोक जाईल. मी तसंच केलं होतं. ब्लॉक साडेबाराला कापताना थोडं जातं, मग शेजारचा ब्लॉक जोडताना आणखी पाव इंच. कोपऱ्यातून निघालेलं टोक या दोन कापांत छाटलं जातं आणि पान खुरटलेलं दिसतं. १ इंच आत घेतलं की टोक पूर्ण राहतं आणि मधली शीर त्याच्या थोडी पुढे कोपऱ्यापर्यंत जाते. मला ते अधिक पानासारखं वाटतं.

निळीशाई

पद्धत फारच आवडली. रंगाचं विचारायचं होतं. मी हिरव्यात हिरवं केलं, गडद पानात मध्यम हिरव्या शिरा. कापडं शेजारी ठेवली तेव्हा छान दिसत होती. शिवल्यावर दोन हातांवरून शिरा दिसतच नाहीत.

चौकटीबाहेर

निळीशाई, इथे रंग वेगळा असून भागत नाही, उजळपणा वेगळा हवा. कापडं एकत्र ठेवून मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढा. दोन राखाडी छटा एकमेकींत मिसळल्या तर पाव इंची शीर लांबून दिसणारच नाही. हिरवा आणि लाल डोळ्याला किती वेगळे वाटतात, पण अशा फोटोत पुष्कळदा एकच छटा येते.

माझ्या मते या ब्लॉकला तीनच पायऱ्या पुरेत : उजळ पार्श्वभूमी, मध्यम पान, आणि शिरा एकतर पार्श्वभूमीच्याच कापडाच्या किंवा त्याहून उजळ. शिरा पार्श्वभूमीच्याच कापडाच्या केल्या तर पान कापून ठेवल्यासारखं दिसतं, मागची जागा पानातून आरपार आल्यासारखी. मला ते सगळ्यात सुरेख वाटतं. मोठ्या फुलांची छपाई मात्र टाळा, फुलांच्या कडा शिरांशी भांडतात. साधं एकरंगी कापड किंवा अगदी बारीक पोताचं घ्या.

उभाधागा

सुईदोराताईंनी जाता जाता एक फार चांगली गोष्ट साधली आहे, ती ठळकपणे सांगावीशी वाटते. यात बारीक शिरा त्रिकोणाच्या सरळ बाजूला समांतर आहेत. म्हणजे त्यांची प्रत्येक शिवण कापडाच्या सरळ धाग्यावर येते. उरेब, म्हणजे धाग्याला तिरपी जाणारी कड, फक्त दोन ठिकाणी आहे : मधल्या शिरेची तिरपी बाजू, आणि पार्श्वभूमीच्या लांब त्रिकोणाची शिवण.

उरेब कड हातात धरली तरी ताणते. म्हणून कर्णावर कापण्याआधी स्टार्च, नंतर नाही. कापल्यावर तुकडे उचलून हलवू नका, मॅटसकट फिरवा. इस्त्री पुढे-मागे ओढू नका, उचलून ठेवा, दाबा, उचला. मधल्या शिरेची १ इंची पट्टी उरेब कापू नका. वळणदार देठाला उरेब पट्टी लागते, इथे शीर सरळ आहे. सरळ धाग्यावरची पट्टी त्या ताणणाऱ्या कडेला धरून ठेवते. शिवताना पट्टी वर, त्रिकोण खाली, आणि टाचण्या दर दोन इंचांवर.

मनमोकळी

दोन्ही बाजूंच्या बारीक शिरा मधल्या शिरेवर समोरासमोर यायलाच हव्यात का? माझ्या इकडे-तिकडे झाल्या आहेत. उसवू का?

सुईदोरा

किती इकडे-तिकडे? निसर्गात दोन्ही प्रकार असतात, काही पानांत बाजूच्या शिरा समोरासमोर फुटतात, काहींत एकाआड एक. पण कापडात फरक पाव इंचाचा असेल तर तो चुकीसारखा दिसतो, इंचभर असेल तर ठरवून केल्यासारखा. पाव इंच असेल तर उसवा, थोडंच काम आहे. पट्टी पहिल्या त्रिकोणाला जोडून झाली की प्रत्येक बारीक शिरेची रेघ खडूने पट्टीच्या पलीकडच्या कडेपर्यंत वाढवायची, आणि दुसरा त्रिकोण त्या खुणांवर टाचायचा. रेघ पट्टीशी काटकोनात काढा. शिरेच्या तिरप्यानेच पुढे नेली तर पलीकडे ती जुळत नाही.

मनमोकळी

पाव इंचच आहे. उसवते.

हातशिवण

मी सगळं हाताने जोडते, मशीन नाही. हा ब्लॉक हाताने होईल का याची शंका होती, म्हणून एक जोडी केली. होतो. हाताने करताना कापडाच्या कडेपेक्षा शिवणीची रेघ महत्त्वाची, म्हणून प्रत्येक पट्टीच्या उलट बाजूला पेन्सिलने पाव इंचावर रेघ काढून घेतली आणि त्या रेघेवरून धावदोरा घातला, इंचात आठ ते दहा टाके. दर दोन-तीन इंचांवर एक उलट टाका, म्हणजे दोरा सरकत नाही.

कर्णावर कापताना मात्र धाकधूक झाली, कारण धावदोरा मध्येच कापला की दोन्हीकडे सुटायला लागतो. म्हणून आधी कर्णाची रेघ आखली, त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक शिवणीवर दोन-दोन उलट टाके घेतले आणि मग कापलं. एकही शिवण उसवली नाही. वेळ लागला, पण बोटांना प्रत्येक शीर कळली.

बॉबीन

मी सरळ रेघांऐवजी गोलाई करून बघितली. पानाची बाहेरची कड वळणदार हवी होती. शिरांचा त्रिकोण तसाच ठेवला, फक्त टोकाची सरळ रेघ काढायच्या जागी बाहेर फुगणारी कमान काढली. कमानीचे दोन साचे लागतात, पानाचा फुगीर आणि पार्श्वभूमीचा पोकळ, दोन्हींत पाव इंच माया धरून.

दोन्ही कडांच्या मधोमध घडी घालून खूण करा. आधी मध्यावर टाचणी, मग दोन टोकांना, मग मधल्या जागा भरा. पोकळ तुकडा वर घ्या, कारण त्याची कड ताणून फुगीर कडेवर बसवायची असते आणि वर असला तर चुण्या दिसतात. हळू शिवा, दर इंचाला थांबून वरचा थर बोटाने सपाट करा. पोकळ कडेला कात्रीने लहान छेद दिले तर सोपं जातं, पण छेद मायेच्या अर्ध्यापर्यंतच. माझा एक छेद टिपेपर्यंत गेला आणि ते पान वाया गेलं.

मला गोलाईची पानं जास्त जिवंत वाटतात. वेळही जास्त लागतो हे खरं.

उभाधागा

बॉबीन, सुंदर. तरी मला सुईदोराताईंची सरळ रेघांचीच आवडतात. सरळ रेघांतून पान ओळखू येणं यातच गंमत आहे.

चौकटीबाहेर

सरळ रेघांवरून आठवलं. या ब्लॉकला आधुनिक का म्हणायचं, असं मला एकीने विचारलं होतं. एकरंगी कापड, भरपूर मोकळी जागा आणि काटेकोर नक्षीऐवजी मोकळी मांडणी, याला आज आधुनिक क्विल्ट म्हणतात. पण हे सगळं त्या नावाच्या फार आधीपासून आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड म्हणून वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यानपिढ्या कामाच्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून क्विल्ट करत आल्या. रेघा थोड्या कलत्या, रंगांचे मोठे सपाट पट्टे, चौकोन डोळ्याच्या अंदाजाने कापलेले. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं, २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर ते क्विल्ट आले. त्यांचे फोटो मिळाले तर जरूर बघा. शिरा मापात येत नाहीत म्हणून कोणी खट्टू असेल तर खासच बघा.

निळीशाई

शिरा पार्श्वभूमीच्या कापडाच्या करून दुसरी जोडी शिवली. कृष्णधवल फोटोही काढला. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून प्रत्येक शीर दिसते! पहिल्या जोडीचं काय करावं?

पाऊणइंच

ठेवा. वीस उठावदार पानांत दोन दबलेली असली तर ती सावलीतल्या पानांसारखी दिसतात.

मनमोकळी

माया कुठल्या बाजूला वळवायची? पाव इंची शिरेखाली दोन्हीकडची माया आली तर जाड होत नाही का?

सुईदोरा

होतं, आणि मला तेच हवं होतं. दोन्ही माया शिरेखाली वळवल्या की शीर कापडावर किंचित उठून येते, बोट फिरवलं तर हाताला लागते. उलट वळवल्या तर शीर खाली बसते. मी सगळ्या बारीक शिरा उठावाच्या ठेवल्या. मधली शीर अर्धा इंच रुंद आहे, तिच्याखाली दोन्ही माया शेजारी-शेजारी नीट मावतात, एकमेकींवर चढत नाहीत.

चार ब्लॉक देठाला देठ लावून जोडले तर मात्र मध्यबिंदूत चार जाड शिरा एकत्र येतात. तिथली शेवटची शिवण उघडी इस्त्री करा, म्हणजे माया दोन्ही बाजूंना पसरलेली, नाहीतर तिथे गाठ येते आणि पुढे सुई मोडते.

घडीमोड

तीन पट्ट्यांची चाचणी केली. साडेतीनऐवजी सव्वातीन भरत होतं! सुई दोन घरं उजवीकडे घेतली, आता बरोबर साडेतीन. नवीन जोडी शिवली. चौकोन १४, पान साडेबारा, टोक शाबूत. मधली पट्टी लावल्यावर मीही ताईंसारखं मोजून बघितलं. चौकोन जसाच्या तसा.

आता सोळा पानं करणार आहे. मांडणीचं अजून ठरत नाही. सगळी टोकं एकाच दिशेला ठेवू की फिरवत नेऊ?

सुईदोरा

शिवायच्या आधी सोळाही जमिनीवर मांडा आणि खुर्चीवर उभं राहून बघा. मी सगळी एकाच दिशेला ठेवली आणि तीन ठिकाणी पानाऐवजी नुसता पार्श्वभूमीचा साडेबारा इंची चौकोन घातला. त्या मोकळ्या जागांमुळे पानं वाऱ्यावर असल्यासारखी वाटतात. तिथे मी पानाचीच रेघ हाताने धावदोऱ्याने काढणार आहे, आत कुठलंही वेगळं कापड नाही. पहिलं अर्धं झालंय. दोरा पार्श्वभूमीपेक्षा एकच छटा गडद घेतला आहे, जवळ गेल्यावरच दिसतो.

हातशिवण

त्या दोऱ्याच्या पानाचा फोटो हवा.

सुईदोरा

पुरं झालं की टाकते. शिरा राहिल्यात अजून.